सूज दिसत नाही, मग दाह कुठला? फ्रोझन शोल्डरच्या दीडशे वर्षांच्या वादाची गोष्ट

"डॉक्टर, खांद्याला सूज कुठं हाय? बघा की, दोन्ही खांदं सारखंच दिसत्यात."

तासगावकडच्या एक काकू गेल्या वर्षी मला हे म्हणाल्या. वय त्रेपन्न. चार महिन्यांपासून डावा खांदा दुखत होता. त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग यायची, अंबाडा घालायला सून लागायची आणि पाठीमागचं हूक लावणं तर कधीचंच बंद झालं होतं. मी त्यांना सांगितलं की खांद्याच्या आत दाह आहे. त्यांना ते पटेना. घोटा मुरगळला की सुजतो, दाढ दुखली की गाल सुजतो. मग दाह आहे तर दिसत का नाही?

मला हसू आलं नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नावर जगभरचे डॉक्टर दीडशे वर्षं भांडत आलेत. त्या भांडणाचा निकाल ज्या वेळी जसा लागला, त्याप्रमाणे रुग्णांच्या खांद्यांना उपचार मिळाले. कधी बरे, कधी अघोरी. म्हणून आज औषधांची यादी न देता ही जुनी हकिकत सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना सूज आणि दाह एकच धरतो. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पाचवं लक्षण नंतर जोडलं गेलं, ते म्हणजे त्या भागाचं काम बंद पडणं. आता खांद्याची रचना बघा. उखळीसारख्या उथळ खोबणीत दंडाच्या हाडाचा गोळा बसलेला असतो. त्याभोवती पातळ, सैल पिशवीसारखं वेष्टन असतं, त्याला आम्ही कॅप्सूल म्हणतो. त्यावर स्नायूंचे कंडरे आणि सगळ्यात वर डेल्टॉइडचा जाड थर. इतक्या खोलात आग लागली तर लाली आणि सूज बाहेरून दिसणार कशी? उष्णताही हाताला लागत नाही. पाचांपैकी दोनच लक्षणं रुग्णाला कळतात: दुखणं आणि हात न उचलणं. काकूंचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त सूज जिथे होती तिथे नजर पोचत नव्हती.

हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पहिल्याच अध्यायात वातव्याधींमध्ये 'अवबाहुक' येतो: खांद्यातला वायू तिथलं बंधन सुकवतो, शिरा आखडवतो आणि हात निकामी होतो. पुढच्या ग्रंथांत आणि टीकांमध्ये खांद्याचं सुकणं, म्हणजे 'अंसशोष', आणि अवबाहुक हे वेगळेही धरलेले दिसतात. गंमत अशी की या वर्णनात सुकणं आणि आखडणं आहे, भडका नाही. आपल्याकडच्या वैद्यांना हे शब्द पाठ असत. साताऱ्यात तर आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय होतं. आर्य आणि आंग्ल या दोन्ही वैद्यकांचा मेळ त्याच्या नावातच घातलेला. सुकलेला खांदा की पेटलेला खांदा, हा वाद त्या नावाच्या दोन्ही अर्ध्यांत सापडतो.

पाश्चात्त्य वैद्यकात या वादाला १८७२ मध्ये तोंड फुटलं. पॅरिसचे सर्जन सिमों-एमान्युएल ड्युप्ले यांनी अशा जखडलेल्या खांद्यांचं वर्णन केलं आणि त्याला 'पेरिआर्थ्रायटिस' म्हटलं, म्हणजे सांध्याभोवतीचा दाह. त्या वर्षी मिरजेत वॉन्लेस साहेबांचा दवाखाना सुरू व्हायला अजून बावीस वर्षं होती आणि क्ष-किरणांचा शोध लागायला तेवीस. ड्युप्ले यांच्यापुढे होती फक्त बोटं, चाकू आणि शवविच्छेदनाचं टेबल. त्यांना सांध्याच्या वरच्या बर्सा या पिशवीत चिकटलेपणा दिसला. चिकटलंय तर सोडवायचं, असा सरळ हिशोब. भूल देऊन हात जोराने फिरवायचा. ही पद्धत बदलत बदलत आजही वापरात आहे. पण तिचा जोरकसपणा मात्र भुलीशिवायच गावोगाव पसरला, त्याकडे नंतर येतो.

पुढचं नाव कॉडमन. अर्नेस्ट अमोरी कॉडमन, बोस्टनचे. हा माणूस मला फार आवडतो. प्रत्येक रुग्ण वर्षभराने खरंच बरा झाला का, हे रुग्णालयांनी तपासावं आणि जाहीर करावं, एवढीच त्यांची मागणी. १९१५ मध्ये त्यांनी भर सभेत एक व्यंगचित्र लावलं. त्यात शहरातले श्रीमंत लोक वाळूत डोकं खुपसून डॉक्टरांसाठी सोन्याची अंडी घालणाऱ्या शहामृगासारखे दाखवले होते. बोस्टनच्या वैद्यकीय मंडळींनी त्यांना त्यानंतर जवळ केलं नाही. १९३४ मध्ये त्यांनी खांद्यावर जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिलं. लक्षात घ्या, या नावात कारण नाही. दाह नाही, चिकटणं नाही. फक्त गोठलेला खांदा. कॉडमन यांना स्वतःला कंडऱ्याच्या दाहाचा संशय होता. पण या आजाराची व्याख्या, उपचार आणि कारण तिन्ही अवघड आहेत, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. बहुतेक रुग्ण उशिरा का होईना सुधारतात, हेही नोंदवलं. कंबरेत वाकून हात लंबकासारखा झुलवायचा जो व्यायाम आम्ही तुम्हाला शिकवतो, तो त्यांचाच. जपानी लोकांनी तर आणखी सोपं केलं, ते याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात.

१९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियाझर यांनी दहा खांद्यांच्या आतलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांना वेष्टन जाड झालेलं, आक्रसलेलं आणि हाडाच्या गोळ्याला चिकटलेलं दिसलं. कातडीवरून चिकटपट्टी सोलावी तसं ते सुटत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या दाहाच्या खुणाही मिळाल्या. त्यांनी नाव ठेवलं 'ऍडहेसिव्ह कॅप्सुलायटिस', म्हणजे वेष्टनाचा चिकटवणारा दाह. नाव भारदस्त होतं, टिकलं. नंतर सांध्यात दुर्बीण घालून बघता येऊ लागलं. १९९१ मध्ये वायली यांनी अशा खांद्यांत काय दिसतं ते लिहिलं: वेष्टन आक्रसलेलं होतं, आतल्या अस्तरात रक्तवाहिन्या भरून लालसर झालेल्या होत्या, पण हाडाला चिकटलेलं काही नव्हतं. म्हणजे नावातला 'ऍडहेसिव्ह' चुकला होता. 'आयटिस', म्हणजे दाह, मात्र अजून शाबूत होता.

तोही चार वर्षांनी डळमळला. १९९५ मध्ये इंग्लंडमधले बंकर आणि अँथनी यांनी शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या १२ रुग्णांच्या खांद्यांतले तुकडे तपासले. त्यांना दाहाच्या पेशी जवळजवळ सापडल्याच नाहीत. सापडल्या त्या तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि त्यांचीच आकुंचन पावणारी भावंडं. तळहातावर गाठी येऊन बोटं आत वळतात, त्या ड्युपुट्रेन आजारासारखं चित्र. सुश्रुतांचं सुकणं आणि आखडणं परत आलं म्हणा ना.

तेव्हा मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. वाचनालयात तो निबंध हातात पडला आणि मी त्याचा भक्त झालो. दाहच नाही, तर दाहाचं औषध कशाला? वण आखडलाय तर ताणायला हवा. त्याआधीही आम्हाला तेच शिकवलं होतं, आता पुरावा मिळाला एवढंच. एका रुग्णाचा हात मी स्वतः असा रेटून वर नेला की तो माणूस पांढराफटक पडला आणि पुन्हा तपासणीला आलाच नाही. सुईने स्टेरॉइड द्यायला मी पुढची कित्येक वर्षं कचरत राहिलो. तीन-चार महिन्यांच्या दुखण्यात, रात्र रात्र जागणाऱ्या माणसांना मी 'व्यायाम वाढवा' म्हणून परत पाठवलं. ते चुकलं होतं.

चूक बंकर यांच्या निरीक्षणात नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. ते कधी पाहिलं, हा मुद्दा होता. आपल्याकडे ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. रात्री बांधावर उभे राहिलात तर डोळे दिपवणाऱ्या ज्वाळा दिसतील. आठ दिवसांनी त्याच बांधावर कुणाला आणून उभं केलं तर तो म्हणेल, इथे आग कुठाय, नुसती काळी राख आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचणारा खांदा बहुतेक वेळा महिनोन्महिने बाकी सगळं करून थकलेला असतो. तिथे राखच सापडणार.

२००७ मध्ये ऑक्सफर्डच्या हँड आणि सहकाऱ्यांनी २२ रुग्णांचे तुकडे बारकाईने रंगवून पाहिले. त्यांत तंतू विणणाऱ्या पेशी होत्याच, पण जोडीला लिम्फोसाइट, मॅक्रोफेज आणि मास्ट पेशीही होत्या. म्हणजे जुनाट दाहाची सगळी फौज. मास्ट पेशी दाह आणि वण या दोहोंमधला दुवा असाव्यात, असा त्यांनी अंदाज बांधला. त्याआधी १९९७ मध्येच या वेष्टनात पेशींना 'वीण, आणखी वीण' असा निरोप देणारी रसायनं दिसली होती. नंतर इंटरल्युकिन, टीएनएफ अशी दाहाची नेहमीची नावंही सापडली. २०१९ मध्ये ग्लासगोच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: या खांद्यातल्या तंतू विणणाऱ्या पेशी स्वतःच चेतलेल्या असतात आणि दाहाची रसायनं सोडतात. गवंडी भिंत बांधता बांधता निखारेही फुंकत होता म्हणायचं.

तर आज आमची समजूत अशी आहे. आधी आतल्या अस्तरात दाह पेटतो. तेव्हा दुखणं जास्त आणि रात्रीचं. त्या दाहाच्या निरोपांवरून वेष्टनात वणासारखे तंतू विणले जातात आणि ते आक्रसतं. तेव्हा दुखणं कमी होत जातं पण हात जखडतो. मग हळूहळू सैल पडतं. १९७५ मध्ये रीव्हज यांनी रुग्णांच्या मागे वर्षानुवर्षं राहून या तीन टप्प्यांची मोजदाद केली: दुखण्याचा टप्पा १० ते ३६ आठवडे, जखडण्याचा ४ ते १२ महिने आणि सुटण्याचा ५ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत. सरासरी अडीच वर्षं. सुरुवातीची ठिणगी कशाने पडते, हे मात्र बहुतेक रुग्णांत आजही सांगता येत नाही.

एक ओळखीचा गुन्हेगार आहे, मधुमेह. १९७२ मध्ये ब्रिजमन यांनी ८०० मधुमेही आणि ६०० बिनमधुमेही लोकांचे खांदे तपासले. पहिल्यांत १०.८ टक्क्यांना हा त्रास होता, दुसऱ्यांत २.३ टक्क्यांना. वाढलेली साखर तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते, दाहही रेंगाळतो. म्हणून खांदा घेऊन आलेल्या माणसाला मी आधी साखर तपासायला पाठवतो आणि लोक चिडतात. तासगावच्या काकूही चिडल्या होत्या. साखर निघाली उपाशीपोटी १९०. त्यांना मधुमेह आहे हे खांद्यामुळे कळलं.

आता दाह आहे म्हटल्यावर औषधाची गोष्ट. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, तो काही दिवसांत उठून चालू लागला. १९५० मध्ये नोबेल मिळालं. १९५१ मध्ये हॉलंडर यांनी त्याचाच भाऊबंद हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. खांद्यात तो वापरला गेला, पण 'सगळ्यांना, कधीही' असा. त्यामुळे कुणी म्हणे रामबाण, कुणी म्हणे फुकट. २००३ मध्ये कॅरेट आणि सहकाऱ्यांनी ९३ रुग्णांत नीट तुलना केली. लवकर दिलेल्या सुईने, विशेषतः सोबत साधा व्यायाम असेल तर, सहा आठवड्यांत स्पष्ट फरक पडला. वर्षाअखेरीस मात्र सगळे गट जवळजवळ सारखे झाले. ज्यांना हे निराशाजनक वाटतं त्यांनी सहा महिने न झोपलेल्या माणसाला विचारावं. सुई आजाराची मुदत फारशी कमी करत नसेल, पण आग असताना ती पाणी मारते. राखेवर पाणी मारून उपयोग नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांचे दोन गट पाहिले. एकाला दुखणं सोसून जोरकस ताण देणारे व्यायाम. दुसऱ्याला समजूत, वेदना होणार नाही एवढीच हालचाल आणि धीर. दोन वर्षांनी धीर दिलेल्या गटात ८९ टक्के खांदे जवळजवळ पूर्ववत होते, जोर लावलेल्या गटात ६३ टक्के. पेटलेल्या वेष्टनाला ओढलं की दाहाला आणखी सरपण मिळतं, असा याचा अर्थ मी लावतो. आपल्या भागात खांदा धरला की कुणीतरी नस ओढणारा किंवा हाडवैद्य गाठला जातो. 'कट्' असा आवाज आला की मोकळं झालं म्हणतात. दुखण्याच्या टप्प्यात असा झटका घेऊन आलेले, नंतर महिनाभर हात गळ्यात बांधून बसलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? मीही तेच केलं होतं, फक्त पांढरा कोट घालून.

सांगलीत बसून दाहावर लिहायचं आणि हळदीला टाळायचं, हे जमणार नाही. हरिपूरची हळदीची पेवं आपण लहानपणापासून ऐकत आलो, २००५ च्या पुरात त्यांचं झालेलं नुकसानही पाहिलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा दाहाशी संबंध नुसता आजीबाईंचा नाही. १९७३ मध्ये लखनौच्या श्रीमल आणि धवन यांनी कर्क्युमिन प्राण्यांमधली सूज उतरवतं हे दाखवलं. १९८६ मध्ये सातोसकर आणि सहकाऱ्यांनी हर्निया व हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दाहावर ते माणसांत वापरून पाहिलं. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट निघालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. इतकं सगळं खरं. पण कातडीवर लावलेला गरम लेप डेल्टॉइडच्या खाली, वेष्टनापर्यंत पोचत नाही आणि दुधातली चमचाभर हळद रक्तात फारच थोडी उतरते. लेपाच्या उबेने बरं वाटतं, जरूर लावा. फक्त भाजून घेऊ नका. मधुमेहात कातडीला चटका कळत नाही.

काकूंना मी साखर आटोक्यात आल्यावर सांध्यात सुई दिली. स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते, म्हणून आठवडाभर रोज मोजायला लावली. दहाव्या दिवशी त्या डाव्या कुशीवर झोपल्या. नंतर लंबकाचा व्यायाम आणि भिंतीवर बोटांनी चढणं, दुखेल तिथे थांबायचं.

त्याच सुमारास कोरेगावचे एक निवृत्त गुरुजी यायचे. जिल्हे दोन असले तरी १९४९ पर्यंत तासगाव आणि कोरेगाव एकाच सातारा जिल्ह्यात होते. नंतर 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. बाहेर बाकावर दोघांची ओळख झाली आणि गुरुजी आत येऊन म्हणाले, "त्या बाईंना दिलीत ती सुई मलाही द्या." गुरुजींना चौदा महिने झाले होते. रात्रीचं दुखणं केव्हाच थांबलेलं, हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता. मी नाही म्हणालो. आजार तोच, पण यांच्याकडे आता आग नव्हती. त्यांना ताणाचे व्यायाम दिले, यावेळी जरा नेटाने, आणि गरज पडली तर भूल देऊन सैल करणं किंवा दुर्बिणीतून वेष्टन मोकळं करणं हे पर्याय समजावले. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर या दोन्ही पद्धतींची सुई-व्यायामाशी तुलना झाली आणि एकही पद्धत दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. हे ऐकून गुरुजी म्हणाले, "मग घाई कशाला?" आणि घरी गेले. सात-आठ महिन्यांनी फोन आला की फळीवरचा डबा काढता येतो, शर्ट घालताना मात्र अजून जरा अडतं. हेही पुस्तकाबरहुकूमच. हँड यांनीच पुढे सरासरी साडेचार वर्षांनी पुन्हा रुग्ण गाठले, तेव्हा ५९ टक्के जवळजवळ ठणठणीत होते आणि उरलेल्यांना काही ना काही कुरकुर होती, बहुतेकांची किरकोळ.

काकूंच्या विम्याचा कागद भरताना आजाराचं नाव लिहावं लागलं. आंतरराष्ट्रीय यादीत या आजाराचा क्रमांक एम ७५.० आणि नाव आजही तेच, १९४५ चं: ऍडहेसिव्ह कॅप्सुलायटिस. मुलाने वाचून मराठीत अर्थ सांगितला तशा काकू माझ्याकडे वळल्या.

"आता ह्ये चिकटलंय म्हणत्यात. कुठं चिकटलंय?"

"कुठंच नाही काकू," मी म्हणालो आणि सही केली.